अँजिओप्लास्टीनंतरचं ट्रोपोनिन: आधीचा आकडा हातात ठेवा

शेजारच्या अण्णांना पर्वतीच्या 103 पायऱ्यांपैकी साठाव्या-सत्तराव्या पायरीला छातीत आवळल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटं कठड्याला टेकलं की बरं. तीन महिने घरी सांगितलं नाही, पित्ताच्या गोळ्या चघळत राहिले. मग स्ट्रेस टेस्ट, अँजिओग्राफी आणि ‘घाई नाही, पण पुढच्या आठवड्यात करून टाकू’ अशी ठरवून केलेली अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या नसेत फुगा फुगवून ती उघडणं. स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळी, व्यवस्थित बसला. आणि संध्याकाळी सातला त्यांच्या सुनेचा मला फोन: “मावशी, अण्णांचं ट्रोपोनिन तेराशे पट वाढलंय! इथले लोक म्हणतात काळजी करू नका. काय करू?”

मी डॉक्टर नाही. 31 वर्षं पुण्यातल्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या टेबलाशी काढली, त्यामुळे सोसायटीतले सगळे रिपोर्ट आधी माझ्या व्हॉट्सॲपवर येतात. दोन्ही कागदांचे फोटो मागवले. आधीचं रक्त घराजवळच्या लॅबमध्ये दिलं होतं, तिथला आकडा 0.03. हॉस्पिटलचा आकडा 41. सुनेनं मोबाइलवर भागाकार केला होता आणि तो अगदी बरोबर होता. फक्त पहिला आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये होता आणि दुसरा नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. 0.03 ला हजारानं गुणा, 30 येतात. म्हणजे फार तर 30 चे 41. तेही दोन वेगळ्या मशिनवर, म्हणजे खरं तर तुलनाच नाही.

त्या रात्री सुनेला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सावकाशीनं लिहिते आहे. ज्यांच्या घरात कुणाची तारीख ठरली आहे त्यांच्यासाठी.

रक्तात हे येतं कुठून

ट्रोपोनिन हे स्नायूच्या तंतूंमधलं प्रथिन. आकुंचन-प्रसरण त्याच्या ताब्यात असतं. त्याच्या टी आणि आय या दोन प्रकारांची हृदयातली घडण हाडांवरच्या स्नायूंपेक्षा वेगळी आहे, म्हणून ते रक्तात दिसलं की बोट हृदयाकडे जातं. पेशी सुखरूप असेल तर रक्तात अगदी किंचित असतं. पेशी दुखावली की गळायला लागतं.

आता अँजिओप्लास्टीत पेशी का दुखावते? जुन्या इमारतीत प्लंबर पाइप साफ करतो तेव्हा क्षाराचे कण सुटतात आणि खालच्या नळाची जाळी तुंबते, तसंच. फुगा फुगवला की त्या वेळापुरता रक्तप्रवाह थांबतो. ब्लॉकेजमधले बारीक कण सुटून खालच्या केसासारख्या वाहिन्यांत अडकतात. स्टेंट जिथे बसतो तिथून फुटणारी एखादी बारीक फांदी चेपली जाते. कधी वाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते, कधी नळी उघडूनही रक्त मंद वाहतं. यात फांदी बंद होणं आणि कण वाहून जाणं ही दोन कारणं सगळ्यात जास्त भेटतात. लांब स्टेंट, एकापेक्षा जास्त स्टेंट, कॅल्शियम साचून दगड झालेलं ब्लॉकेज, जिथे मुख्य नस दुभंगते तिथलं काम, वय जास्त, किडनी अधू, अशा वेळी गळती जास्त होते.

म्हणून स्टेंटनंतर ट्रोपोनिन थोडं वाढणं ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की न वाढलं तरच लॅबवाल्याला जरा नवल वाटतं. वाढलं म्हणजे स्टेंट फेल गेला, असा अर्थ नाही. वाढलं म्हणजे डॉक्टर काहीतरी लपवतायत, असाही नाही.

पहिली पायरी: तारीख ठरली की आधीचं रक्त

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. अँजिओप्लास्टीच्या आधीचं ट्रोपोनिन नसेल तर नंतरचं ट्रोपोनिन मुकं असतं. 60 आला, बरं मग? आधी 8 होता की 55 होता? किडनीचा जुना आजार, हार्ट फेल्युअर, वाढलेलं वय, यांत ट्रोपोनिन कायमच थोडं वर राहू शकतं.

ठरवून केलेल्या प्रत्येक अँजिओप्लास्टीत ही चाचणी सरसकट करावी का, यावर हृदयरोगतज्ज्ञांचं एकमत नाही. काही ठिकाणी रुटीन म्हणून होते, काही ठिकाणी छातीत दुखलं किंवा कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) काही अडचण आली तरच. दोन्हींमागे विचार आहे. मी मात्र ॲडमिशनच्या वेळी रेसिडेंट डॉक्टरांना सरळ विचारते: “आधीचं ट्रोपोनिन पाठवणार आहात का? नसाल तर निदान सॅम्पल काढून ठेवता येईल का?” नाहीतरी क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि साखरेसाठी सुई टोचायचीच असते.

आता तीन अटी.

आधीचं आणि नंतरचं रक्त एकाच लॅबमध्ये, एकाच मशिनवर जायला हवं. ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय ही वेगळी प्रथिनं आहेत, त्यांच्या आकड्यांचा एकमेकांशी हिशोब लागत नाही. त्यातही ‘आय’च्या चाचण्या अनेक कंपन्यांच्या आहेत आणि प्रत्येकीचं माप वेगळं. तुळशीबागेतल्या एका दुकानाच्या मापानं घेतलेला ब्लाउज दुसऱ्या दुकानाच्या मापाशी जुळवू नये, तसलाच प्रकार. कार्डावर दोन थेंब टाकून ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ सांगणारी जी झटपट चाचणी असते ती या कामाला उपयोगाची नाही. आपल्याला आकडा हवा आहे.

दुसरी अट अंगमेहनतीची. दर रविवारी सिंहगड चढणारे महाभाग पुण्यात कमी नाहीत, आणि ‘सोमवारी ॲडमिट व्हायचंय, रविवारी शेवटचा गड करून येतो’ म्हणणारा माणूस मी स्वतः पाहिला आहे. छातीत दुखतं म्हणून स्टेंट टाकायचा आहे आणि हे गडावर! तो धोका तर आहेच, शिवाय दमछाक करणाऱ्या लांब व्यायामानं निरोगी माणसाचंही ट्रोपोनिन तात्पुरतं वर जातं. मॅरेथॉन धावणाऱ्यांत हे नेहमी दिसतं. मग ‘आधीचा’ आकडाच खोटा ठरतो.

तिसरी अट केसांच्या गोळ्यांची. हसू नका. केस आणि नखांसाठीच्या बऱ्याच गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ट्रोपोनिनच्या काही चाचण्यांत त्यानं आकडा खोटाच कमी येऊ शकतो. अशा गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. औषधांच्या यादीत या गोळ्या कुणीच लिहीत नाही, कारण त्या ‘औषध’ वाटत नाहीत.

ईसीजीचंही तेच. आधीच्या दिवसाचा ईसीजी फाईलला लागलेला हवा. नंतरच्या ईसीजीत काही ‘नवीन’ आहे का हे जुन्याशेजारी ठेवूनच कळतं.

आणि तारखेबद्दल एक पुणेरी सूचना. ठरवून करायचं काम आहे, तारीख बरीचशी आपल्या हातात असते. पेठांत राहत असाल तर अनंत चतुर्दशीच्या आसपासचे दिवस आणि पालख्या शहरात मुक्कामाला असतात ते दिवस टाळा. विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते आणि तेवढा वेळ लक्ष्मी रोड, टिळक रोड ओलांडणं म्हणजे दिव्य. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी छातीत दुखलं तर रस्ता मोकळा हवा.

दुसरी पायरी: नंतरचं रक्त, आणि घड्याळ

साधारण रीत अशी: अँजिओप्लास्टीनंतर 3 ते 6 तासांनी एक सॅम्पल. आकडा चढता असेल तर पुढे पुन्हा, तो कुठवर चढून थांबतो हे कळेपर्यंत. ट्रोपोनिनचा कळस साधारण 12 ते 24 तासांत येतो. हार्ट अटॅकच्या व्याख्येसाठी (ती पुढे येते) पहिले 48 तास धरतात.

सगळ्यात जास्त गोंधळ वेळेवरून होतो. रिपोर्टवर दोन-तीन वेळा छापलेल्या असतात: सॅम्पल काढल्याची, लॅबमध्ये पोचल्याची, रिपोर्ट निघाल्याची. आपल्याला पहिली हवी. सकाळी साडेआठला काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट दुपारी एकला छापून येतो, दहाला अँजिओप्लास्टी झालेली असते, आणि घरचे तो ‘नंतरचा’ समजून निःश्वास टाकतात.

म्हणून मी काय करते ते सांगते. कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून उलटं करायचं, त्याच्या कोऱ्या बाजूवर चार रकाने: रक्त काढलं ती वेळ, आकडा, एकक, त्या लॅबची मर्यादा. वर एका ओळीत फुगा कधी फुगवला ती वेळ, कॅथलॅबच्या नोंदीवरून. पेशंटजवळ रात्री जो बसेल त्यानं भरायचं. अण्णांचं पान अजून त्यांच्या फाईलमध्ये आहे, त्यावर चहाचा गोल डागही आहे.

सॅम्पल काढताना सलाइन चालू असलेल्या हातातून घेऊ नये, दुसऱ्या हातातून घ्यावं. नसेतून ओढाताण करून घेतलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, सीरम गुलाबी दिसतं, लॅब ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारते. तसा शेरा असेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नका. पुन्हा रक्त मागितलं म्हणून सिस्टरवर चिडूही नका, त्यांना हौस नसते.

तिसरी पायरी: हिशोब

प्रत्येक रिपोर्टवर आकड्याशेजारी एक मर्यादा छापलेली असते. निरोगी लोकांतल्या 99 टक्क्यांचा आकडा जिच्या आत बसतो ती ही रेषा. हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी किंचित प्रमाणही पकडणाऱ्या, ट्रोपोनिन टी चाचणीसाठी ती बहुतेक ठिकाणी 14 नॅनोग्रॅम प्रति लिटर धरतात. आय साठी कंपनीगणिक बदलते. एका प्रचलित चाचणीत पुरुषांना सुमारे 34 आणि बायकांना सुमारे 16 आहे. बायकांची रेषा खाली आहे हे लक्षात ठेवा, काही रिपोर्टवर सगळ्यांसाठी एकच आकडा छापलेला असतो.

एककाचं एकदाच पाठ करा. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर एकच आहेत. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मात्र त्यांच्या हजारपट.

आता 2018 साली जाहीर झालेली हार्ट अटॅकची चौथी जागतिक व्याख्या पाहू. आज बहुतेक डॉक्टर तिच्याच भाषेत बोलतात. मर्यादा 14 असलेल्या ट्रोपोनिन टी चं उदाहरण घेते.

आधी 9, नंतर 52. 52 भागिले 14, म्हणजे सुमारे पावणेचार पट. मर्यादा ओलांडली आहे, म्हणून हृदयाच्या स्नायूला इजा झाली असं म्हणायचं. हार्ट अटॅक म्हणायचं नाही.

आधी 9, नंतर 118. साडेआठ पटीच्या जवळ. इथे या व्याख्येनं आखलेली मर्यादेच्या पाचपटीची, म्हणजे 70 ची रेषा ओलांडली. हे झालं म्हणजेही अटॅक ठरत नाही. त्यासोबत आणखी किमान एक गोष्ट हवी: ईसीजीत रक्तपुरवठा तुटल्याचे नवे बदल किंवा नव्या क्यू लहरी (स्नायू मेल्याची खूण), इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) किंवा एमआरआयमध्ये भिंतीचा एखादा भाग नव्यानं हलेनासा झालेला, किंवा अँजिओच्या चित्रातच दिसणारी अडचण, म्हणजे फांदी बंद, गुठळी, अस्तर फाटलेलं, प्रवाह मंदावलेला. आकडा आणि यांपैकी एक, दोन्ही जुळले तर त्याला ‘टाइप 4ए’, म्हणजे अँजिओप्लास्टीमुळे झालेला अटॅक, म्हणतात. डिस्चार्ज कार्डावर हे अक्षर दिसलं तर ते काय आहे हे आता तुम्हाला कळेल.

ज्यांचा आधीचाच आकडा मर्यादेच्या वर आहे त्यांचा हिशोब वेगळा. समजा किडनीचे पेशंट, आधी 40 आणि तो स्थिर. नंतर 46 आला तर वाढ 15 टक्के. 20 टक्क्यांच्या आतला फरक चाचणीच्या आणि शरीराच्या नेहमीच्या चढउतारात जातो, सोडून द्या. 62 आला तर वाढ 55 टक्के, ही इजा खरी आहे, पण 70 च्या आत असल्यानं अटॅकची अट पुरी होत नाही. 95 आला तर दोन्ही अटी पुऱ्या, वीस टक्क्यांची आणि पाचपटीची. मग ईसीजी, इको आणि अँजिओचं चित्र बघायचं.

आणि आधीचे दोन आकडे घेतले आणि तेच चढते निघाले, तर? तर हे ‘ठरवून’ करायचं काम राहिलं नाही. स्नायूला काहीतरी आधीच चालू आहे, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे दाखवा.

बायपासला हीच रेषा दहापट आहे. तिथे छातीच उघडतात, गळती जास्त होणारच.

एकच पेशंट, दोन निकाल

इथे जरा रेंगाळते, कारण घरोघरी यावरून भांडणं होताना पाहिली आहेत. एक डॉक्टर म्हणतात ‘छोटा अटॅक आला’, दुसरे म्हणतात ‘काही नाही झालं’. दोघंही खरं बोलत असू शकतात.

अमेरिकेतल्या अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2013 साली वेगळी रेषा आखली. त्यांचं म्हणणं असं की किरकोळ वाढीचा पुढच्या आयुष्यावर परिणाम दिसत नाही, मग तिला अटॅक कशाला म्हणायचं? त्यांच्या हिशोबात सीके-एमबी (हृदयाच्या इजेची जुनी रक्तचाचणी) दहापट किंवा ट्रोपोनिन सत्तरपट वाढलं तरच. ईसीजीत नव्या क्यू लहरी किंवा डाव्या बाजूचा नवा बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) असेल तर याच्या निम्म्यावर. पाचपट आणि सत्तरपट, कुठे हा आणि कुठे तो! आपला 118 वाला पेशंट चौथ्या व्याख्येनं संशयित, यांच्या व्याख्येनं मोकळा.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. इस्केमिया नावाचा मोठा वैद्यकीय अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. 5,179 पेशंट, त्यात भारतातलेही. स्थिर हृदयविकारात आधी औषधं की आधी अँजिओ आणि स्टेंट किंवा बायपास, हा प्रश्न होता. स्टेंट-बायपासच्या गटात प्रक्रियेमुळे झालेले अटॅक जास्त आणि पुढे आपोआप येणारे अटॅक कमी दिसले, मृत्यूंमध्ये मात्र ठळक फरक नव्हता. त्यात प्रक्रियेमुळे झालेले अटॅक किती मोजायचे हे कुठली रेषा धरली त्यावर बदलत होतं. म्हणून डॉक्टर ‘अटॅक’ म्हणाले तर न घाबरता विचारा: “किती पट वाढलं? ईसीजीत काही नवीन आहे का? अँजिओच्या सीडीत कुठली फांदी बंद दिसते का?” हे विचारण्यात आगाऊपणा नाही. माझ्या अनुभवात चांगले डॉक्टर असा प्रश्न आला की खुर्ची ओढून बसतात.

जुनी सीके-एमबी आता मागे पडली आहे. तिचा एक गुण मात्र आहे, ती दोन-तीन दिवसांत खाली येते. हा गुण पुढे उपयोगी पडेल.

चौथी पायरी: आकडा मोठा आला तर त्या रात्री

पेशंटकडे बघा, कागदाकडे नंतर. स्टेंटनंतर छातीत हलकं दुखणं काहींना होतं, वाहिनी ताणली गेल्यामुळे, ते ओसरत जातं. वाढत जाणारं दुखणं, घाम, धाप, बीपी उतरणं, हे वेगळं. ते दिसलं की लगेच ईसीजी व्हायला हवा, ट्रोपोनिनच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. ईसीजीत मोठे बदल असतील तर पुन्हा कॅथलॅबमध्ये नेऊन स्टेंट बघावा लागू शकतो, आणि त्या घडीला सही मागितली तर ‘मुलाला विचारून सांगतो, तो हिंजवडीहून निघालाय’ असं करू नका. हिंजवडीहून संध्याकाळी कुणी वेळेवर येत नाही.

पेशंट स्वस्थ असेल आणि फक्त आकडाच मोठा असेल, तर ईसीजी जुन्याशी ताडून बघणं, टूडी इको, एखादा दिवस जास्त मुक्काम, आणि डॉक्टरांनी अँजिओचं चित्र पुन्हा डोळ्यांखालून घालणं, एवढं पुरतं. ट्रोपोनिन ‘उतरवण्याचं’ औषध नसतं. ते आपल्या गतीनं उतरतं.

पाचवी पायरी: घरी आल्यावर काय करू नये

चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ‘उतरलं का बघू’ म्हणून ट्रोपोनिन करू नका. हे प्रथिन आय असेल तर आठवडा-दहा दिवस आणि टी असेल तर दोन आठवड्यांपर्यंत रक्तात रेंगाळू शकतं. वेगळं मशीन, वेगळं एकक, आणि पुन्हा सुनेचा फोन.

त्या दिवसांत खरंच नव्यानं छातीत दुखलं तर एका आकड्यानं काहीच ठरत नाही. काही तासांच्या अंतरानं दोन सॅम्पल लागतात आणि दुसरं पहिल्यापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त चढलं का हे पाहतात. ज्या हॉस्पिटलमध्ये हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणी नाही तिथे सीके-एमबी इथेच कामाला येते: ती आधी उतरलेली असणार, म्हणून ती पुन्हा चढली तर गोष्ट नवीन आहे.

रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या, ॲस्पिरिन आणि जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा तिच्या जातीची दुसरी, ट्रोपोनिन कितीही आलं तरी स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. दातांचे डॉक्टर म्हणाले तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होणं हे ट्रोपोनिनच्या कुठल्याही आकड्यापेक्षा कितीतरी वाईट आहे.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या रांगेत उभं राहण्याआधी फाईल तपासा. अँजिओची सीडी किंवा पेन ड्राइव्ह, स्टेंटच्या पाकिटावरचा स्टिकर, आधीचा आणि नंतरचा ईसीजी, इकोचा कागद, आणि ट्रोपोनिनचे सगळे आकडे वेळेसकट. डिस्चार्ज कार्डावर बहुधा शेवटचाच आकडा असतो. कळस कितीला होता तो लिहून मागा.

यातली चार वाक्यं एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा: अँजिओप्लास्टीची तारीख, कुठल्या नसेत स्टेंट, ट्रोपोनिन टी की आय आणि सर्वात जास्त किती, कुठली गोळी चालू. 108 च्या गाडीतल्या डॉक्टरांना हीच माहिती लागते आणि नेमकी तेव्हाच घरातल्या कुणाला आठवत नाही. अण्णांनी ती चिठ्ठी बसच्या पासच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये मागच्या बाजूला सरकवली आहे. परवा कंडक्टरनं पास समजून तीच आधी वाचली म्हणे.